बोट काढून वाच!

चांगलं वाचणारा माणूस कोण, हे मोठ्या माणसांना विचारून उपयोग नसतो. ती लगेच सावध होतात. एखादा दोन-तीन लेखकांची नावं घेतो, दुसरा "हल्ली कोण वाचतंय" म्हणून सुस्कारा सोडतो, आणि तिसरा उलट आपल्यालाच विचारतो, की सध्या काय वाचताय. हा प्रश्न विचारावा तो पहिली-दुसरीतल्या पोरांना. त्यांच्याकडं उत्तर तयार असतं, ते एका वाक्यात मावतं आणि त्या वाक्यावर त्यांचा पुरता विश्वास असतो.

कळंब तालुक्यात आमच्या गावाकडं गेलो, की जिल्हा परिषदेच्या शाळेत घटकाभर बसायची मला सवय आहे. शाळेला माझा उपयोग नाही आणि उपद्रवही नाही, त्यामुळं सगळे चालवून घेतात. सर ऑफिसात बसून ऑनलाइन माहिती भरत असतात (ही माहिती भरून संपलेली मी अजून पाहिलेली नाही) आणि तेवढ्या वेळापुरता वर्ग माझ्या ताब्यात येतो. मग मी विचारतो, "तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण वाचतं? आणि ते तुम्हाला कशावरून कळतं?"

पहिल्या अर्ध्या प्रश्नाला वेळ लागत नाही. सगळ्या माना एकाच मुलीकडं वळतात, आणि तीही उगीच लाजत-बिजत नाही. पण कशावरून, असं म्हटलं की वर्गात चढाओढ लागते. "ती दम खात न्हाई." "लई जोरात वाचती, तिकडं चौथीच्या वर्गात आयकू येतंय." "मधी सर बोलत न्हाईत तिला." "बोट ठेवत न्हाई." मग मागून एक बारीक आवाज येतो, "तिला पुस्तकात बघायबी लागत न्हाई!" हे मत वर्गाला एकदम पटतं. ह्याच्यावर आणखी काही बोलण्यासारखं उरलंच नाही, असं सगळ्यांना वाटतं.

तिला वाचलेलं समजतं, असं कुणी म्हणत नाही. मी कान टवकारून बसलेला असतो तो ह्याच उत्तरासाठी.

आता ह्यावरून धाराशिव जिल्ह्याला नावं ठेवायचं कारण नाही. अमेरिकेत जॉन्स आणि एलिस ह्या अभ्यासकांनी पहिली ते आठवीच्या १,६०० हून जास्त मुलांना विचारलं होतं, की वाचन म्हणजे काय आणि वाचताना तुम्ही नेमकं काय करता. १९७६ साली तो अभ्यास छापून आला. बहुतेक पोरांची उत्तरं पुस्तक, वर्ग आणि शब्द ह्यांच्या पुढं सरकलीच नाहीत. अर्थाचं नाव काढणारी मुलं थोडी होती, आणि त्यांतली बरीचशी वरच्या वर्गातली. म्हणजे ह्या बाबतीत तरी आपण अमेरिकेच्या बरोबरीनं आहोत.

दम न खाणं हा ह्यातला सर्वांत मानाचा गुण. दुसरीतल्या एका पोरानं मला त्याचं प्रात्यक्षिक दिलं. छाती भरून श्वास घेतला, पुस्तक नाकापाशी धरलं, आणि उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा जो सुटला तो धडा संपल्यावरच थांबला. पूर्णविराम, स्वल्पविराम, गोष्टीतली आजी, आजीची शेळी, सगळं तुडवून पलीकडं. (उस्मानाबादी शेळी हे आमच्या जिल्ह्याचं देशभर गेलेलं नाव. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, शेळीचं अजून तेच आहे.) चेहरा लाल झालेला, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "वा! मग काय झालं रे त्या शेळीचं?" त्यानं माझी कीव केली. "वाचलं की आता!" म्हणाला. "तुमी आयकलं न्हाई व्हय?"

मला हे उत्तर फार आवडलं. वाचणं हे त्याचं काम होतं आणि ते त्यानं चोख केलं होतं. शेळीचं काय झालं, ते ऐकणाऱ्यानं बघून घ्यायचं. कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी फार कमी कार्यालयांत पाहिली आहे.

बोटाचं प्रकरण जरा दुःखाचं आहे. पहिलीत प्रत्येक पोर बोट ठेवून वाचतं, आणि ते बरोबरच करतं. मराठी ओळीत वरती मात्रा, खाली उकार, पुढून काना, मागून वेलांटी, एवढ्या गर्दीतून वाट काढायची तर कुणाचा तरी हात धरावा लागतोच. पण दुसरीत गेलं की हुकूम येतो, "बोट काढून वाच!" तिथून पोरांच्या मनात पक्कं बसतं, की बोट ही कच्च्याची खूण. मग ती बोट लपवतात. एक मुलगी पुस्तकाच्या खालच्या बाजूनं, पानाच्या मागून बोट सरकवत होती. वरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी बिनबोटाची वाचते आहे. एवढी अक्कल जिच्यात आहे तिला वाचनाची परीक्षा कशाला हवी, असं माझ्या मनात आलं. पण मी बोललो नाही, कारण मग तिचं बोट उघडं पडलं असतं.

आमच्या आजीनं जन्मभर बोट ठेवून पोथी वाचली. कुणी तिला बोट काढ म्हटलं नाही. म्हणायची टापच नव्हती. आणि २०२३ साली तर आमच्या जिल्ह्यानं ह्याहून मोठी गंमत पाहिली. कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून निजामाच्या काळातली दप्तरं बाहेर निघाली. कागद कुठं मोडीत, कुठं उर्दूत. जिल्ह्यात एवढी शिकलेली माणसं, पण त्या कागदांपुढं सगळी अंगठेबहाद्दर ठरली. मोडी आणि उर्दू जाणणारी म्हातारी मंडळी शोधून शोधून आणावी लागली. ती माणसं एकेका अक्षरापाशी थांबायची, मागं जायची, खात्री करायची, मग पुढं सरकायची. मिनिटाला किती शब्द, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं. त्या वर्षी मराठवाड्यात सर्वांत भाव होता तो सर्वांत सावकाश वाचणाऱ्यांना. पोरांच्या कसोटीवर मात्र ही सगळी मंडळी नापास.

जोरात वाचण्याबद्दलही पोरांची मतं ठाम आहेत. मनातल्या मनात वाचणं त्यांना मान्य नाही. मी एकदा खुर्चीत बसून पाचेक मिनिटं पुस्तक वाचलं आणि विचारलं, "मी काय करत होतो?" "बघायलाव," म्हणाले. "वाचत नव्हतो?" "ओठ कुठं हालले?" ह्याला काय उत्तर देणार! ह्यांच्या बाजूनं एक मोठा साक्षीदारही आहे. चौथ्या शतकात मिलान शहरात अँब्रोज नावाचा बिशप आवाज न करता, जीभ न हलवता वाचत बसायचा. हे पाहून ऑगस्टीन ह्या थोर धर्मवेत्त्याला इतकं नवल वाटलं, की त्यानं आपल्या आत्मचरित्रात त्याची नोंद केली. बिशपाचा घसा बसला असेल, किंवा मध्येच कुणी शंका विचारू नये म्हणून तो गप्प वाचत असेल, अशी कारणंही त्यानं शोधली. आमच्या पहिलीच्या वर्गानं ऑगस्टीनला लगेच आपल्यात घेतलं असतं.

अर्जेंटिनात एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की ह्या दोघींनी तर अशा लहान मुलांच्याच समजुतींचा अभ्यास केला आणि १९७९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ओठ न हलवता वाचणं म्हणजे वाचणंच नव्हे, असं म्हणणारी मुलं त्यांनाही भेटली. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. अजून वाचता न येणाऱ्या मुलांचाही एक नियम असतो: कार्डावर दोन-तीन तरी अक्षरं पाहिजेत, नाहीतर ते वाचण्याजोगं नाही. मी लगेच एका कागदावर 'ये' लिहून बालवाडीतल्या एकाला दाखवलं. त्यानं कागद उलटून मागची बाजू बघितली. मग परत देत म्हणाला, "ह्याच्यात वाचायला काईच न्हाई." त्याच्या हिशोबानं माल पुरेसा नव्हता.

आता बिनपुस्तकाची वाचनकला. बालभारतीचा पहिला धडा पाठ नसलेलं पोर शोधूनही सापडणार नाही, त्यामुळं त्या धड्यापुरते सगळेच पट्टीचे वाचक असतात. पुस्तक उलटं धरून खणखणीत वाचणारा एक वीर मी पाहिला आहे. चूक दाखवली तर त्यानं पुस्तक सुलटं केलं आणि वाचण्यात तसूभरही फरक पडू दिला नाही. २०२३ साली बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांमागं वहीची कोरी पानं शिवून आली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू. पुढं तो बेत मागं पडला. पण त्या पानांवरची एक प्रतिक्रिया मी जपून ठेवली आहे. "ही पानं मला सगळ्यात चांगली येत्यात," असं एक पोर पानावर हात फिरवून म्हणालं होतं. अडखळण्याची भीती नसलेलं वाचन त्याला त्या पुस्तकात पहिल्यांदाच भेटलं असावं.

मोठी माणसं नेमकं काय वाचतात, हे लहान मुलांना फारसं कळत नाही, हेही जगभरचं दुखणं आहे. जेसी रीड ह्या बाईंनी एडिंबरामध्ये शाळेत नुकत्याच आलेल्या पाच वर्षांच्या मुलांशी गप्पा मारल्या. १९६६ साली त्यांनी ते लिहून काढलं. कोणती बस आपली, हे आईला कसं समजतं, असाही एक प्रश्न त्यांत होता, आणि ते काही सगळ्यांना धड सांगता येईना. आमच्याकडं हा प्रश्न उद्भवत नाही. आमच्या आजोबांना कोणती एसटी कुठं जाते हे ड्रायव्हरच्या तोंडावरून कळायचं. पाटी होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कारण कधीकधी पाटी बार्शीची असायची आणि गाडी कळंबलाच थांबायची.

पाटीवरून आठवलं. आमच्या वाटेवर एका जुन्या दगडावर अजून 'उस्मानाबाद' असं नाव आणि पुढं किलोमीटर आहेत. एक पहिलीतलं पोर त्या अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं 'धा-रा-शि-व' असं वाचत होतं. बरोबरच्या बापानं टपली मारली, "नीट बघून वाच." पोरानं पुन्हा बघितलं आणि पुन्हा 'धाराशिव'च वाचलं. निरीक्षकानं त्याला शून्य दिलं असतं. ज्याला त्या गावाला जायचंय अशा माणसानं पैकीच्या पैकी दिले असते.

एकदा मी प्रश्न फिरवून विचारला, की तुमच्या माहितीतलं सगळ्यात चांगलं वाचणारं माणूस कोण. वर्गातलं नको, बाहेरचं सांगा. बहुतेक वर्ग छताकडं बघू लागला. एकानं हात वर केला आणि म्हणाला, "बाबासाहेब." कशावरून? तर चौकातल्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे, डोळ्यांवर चष्मा आहे आणि खिशाला पेन आहे. पुरावा बिनतोड होता. शेजारच्यानं मात्र शंका काढली, "पण पुस्तक बंद हाय की." पहिला जरा विचारात पडला. मग म्हणाला, "त्यांचं वाचून झालंय."

ज्या माणसानं दादरला घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्या माणसाबद्दल मोठमोठ्या भाषणांत ऐकलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त नेमकं वाटतं.

घरातलं मात्र कुणी मोजत नाही. "आई वाचती का?" "न्हाई." ही आई बचत गटाची सचिव आहे. बारा बायकांची खाती, कर्ज, व्याज, दंड सगळं रजिस्टर तिच्या हातचं आहे. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचून किती पंपाला किती झाकणं, हे नवऱ्याला तीच सांगते. पण ते काही पुस्तक नव्हे, आणि ती मोठ्यानं वाचत नाही, म्हणून पोराच्या लेखी ती वाचतच नाही. "आन् बाप?" "त्यो मोबाईल बघतो." भूम, परंडा, वाशी, कळंब ह्या भागातून दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला जातात. त्यांच्यासोबत पोरंही जातात आणि फाल्गुन-चैत्रात परत येतात तेव्हा वर्ग बराच पुढं गेलेला असतो. असा एक परत आलेला मुलगा धडा वाचताना सारखा अडत होता आणि वर्ग त्याला हसत होता. कारखान्यावर मात्र गाडीच्या वजनाची पावती आल्यावर त्यावरचा आकडा आई-बापाला तोच वाचून दाखवायचा. तिथं एक आकडा चुकला तर पैशाचा फटका. त्याला मी म्हटलं, "म्हणजे तू तर चांगला वाचतोस." तो म्हणाला, "ती पावती हाय. वाचायचं पुस्तकातच असतंय."

ही मतं पोरांना कुणी शिकवलेली नाहीत. ती बघून बघून आलेली आहेत, आणि बघण्यात पोरांचा हात कुणी धरत नाही. २०२१ च्या ५ जुलैला केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द वाचावेत, असं त्यात ठरलं. आता कागदावर 'समजून' वाचावेत असं लिहिलंय, हे खरं. पण सरांच्या हातात घड्याळ असतं, आणि घड्याळाला शब्द मोजता येतात, समज मोजता येत नाही. 'प्रथम' ह्या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर'चं सर्वेक्षण होतं. स्वयंसेवक घरी येतात, पोराला ओट्यावर बसवतात आणि पुढं कागद धरतात: आधी परिच्छेद, तिथं अडलं तर शब्द, तिथंही अडलं तर अक्षरं. काम मोलाचं आहे. त्या कागदानं देशाची झोप उडवली. पण ओट्याभोवती निम्मी गल्ली जमलेली असते, आणि पोर न अडता खालपर्यंत पोचलं की सगळे म्हणतात, "वाचलं बघा!" कागदावरच्या गोष्टीत काय होतं, हे गल्लीतल्या एकालाही ठाऊक नसतं.

मग १५ ऑक्टोबर येतो. डॉ. कलाम ह्यांची जयंती. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन आहे. त्या दिवशी शाळाशाळांत फोटो काढतात. पोरं ओळीनं बसतात, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि सर मोबाईल धरून ओरडतात, "पुस्तकात बघा रे, माझ्याकडं बघू नका!" पोरं पुस्तकात बघतात आणि हलत नाहीत. पान उलटायचं नसतं, कारण फोटो हलतो. एवढं बघितल्यावर त्यांना वाचनाबद्दल आणखी काय कळायचं राहतं? २०२० च्या जानेवारीत ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या त्या नगरीत नुसती गर्दी लोटली होती. आमच्या गल्लीतला एक जण तेव्हा दुसरीत होता आणि काकासोबत जाऊन आला होता. त्याचा अहवाल असा: "लई पुस्तकं व्हती. समदे विकत घेऊ लागले. पन वाचायलं कुनीच नव्हतं."

ह्या कुंभार संताचं, गोरोबाकाकांचं नाव निघालं म्हणून सांगतो. मूल्यमापनाचा मान महाराष्ट्रात सर्वांत आधी आमच्या जिल्ह्याकडं जातो. तेर गावी संतांचा मेळा जमला असताना मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, की तुमचं हे थापटणं कशाला असतं? मडकं पक्कं की कच्चं ते ठोकून बघायला, असं काका म्हणाले. मग ही मडकी बघा, म्हणून परीक्षा सुरू झाली. काका एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारत गेले आणि सगळे संत गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते बोलले. ही काय रीत झाली, म्हणाले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

कथेचा अर्थ अहंकाराशी आहे आणि तो मला मान्य आहे. पण वाचनाच्या तासाला बसलो की मला नेहमी नामदेवांचीच बाजू घ्यावीशी वाटते. कारण आमच्या वर्गातही असंच चालतं. सगळे गप्प वाचत जातात आणि पक्के ठरतात. एखादंच पोर मध्ये थांबतं आणि विचारतं, "सर, पण कोल्ह्यानं खोटं कामून सांगितलं?" सर म्हणतात, "पुढं वाच." वर्ग समजतो, हे मडकं कच्चं. त्या परीक्षेनंतर नामदेव विसोबा खेचरांकडं गेले आणि पुढं त्यांची पदं पंजाबपर्यंत पोचली. पक्क्या ठरलेल्यांनाही त्यांच्या जागी मान आहेच, पण विचारणारा जरा लांब गेला, एवढं नोंदवून ठेवतो.

ह्या सगळ्यावर आमच्याच गावाकडं एक जुना उतारा होता आणि तो शाळेत नव्हता, मारुतीच्या देवळात होता. श्रावणात पोथी लागायची. पांडवप्रताप म्हणा, हरिविजय म्हणा. पोथीपुढं दोन माणसं बसायची. एक वाचक, एक सूचक. वाचकानं ओवी चालीवर म्हणायची, गळा मोकळा असला की झालं. ओवी संपली की तो थांबायचा आणि सूचक तिचा अर्थ सांगायचा. सांगता सांगता मध्येच ऐकणाऱ्यातली एखादी म्हातारी विचारायची, की द्रौपदीला पणाला लावताना धर्मानं कुणाला विचारलं होतं का? आणि पोथी तिथंच अडायची. कधी अर्धा तास. कुणाला घाई नसायची. मला आठवणारे आमचे सूचक निरक्षर होते. त्यांनी इतक्या श्रावणांत इतक्या वेळा पोथी ऐकली होती, की वाचकानं ओळ गाळली तर ते तिथंच हात वर करायचे. आता ह्या दोघांत चांगला वाचणारा कोण? देवळात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. दोन माणसं मिळून एक वाचन होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शाळेनं काय केलं, तर ही दोन्ही कामं सहा वर्षांच्या एकट्या पोरावर टाकली. त्यातलं एक तपासता येतं म्हणून तपासलं आणि दुसरं त्याच्यावर सोडून दिलं. "तुमी आयकलं न्हाई व्हय?" असं विचारणारा तो दुसरीतला वीर तेवढाच बिनचूक बोलत होता. तो वाचक होता आणि मला सूचक समजत होता. मीच थापटणं घेऊन बसलो होतो.

अर्थात देवळातलं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं, नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत उरकायच्या, आणि तिथं जी पळापळ होते तिच्यापुढं मिनिटाला साठ शब्द म्हणजे आराम आहे. मागं पडलेला माणूस हळूच पुढचं पान गाठून पुन्हा सुरात सूर मिसळतो. मांडवात बसलेली पोरं हेही बघत असतात.

आणि आपण शिकलेली माणसं तरी काय वेगळं करतो? डिसेंबर आला की वर्षात किती पुस्तकं झाली त्याचा आकडा जाहीर करतो. 'झाली' म्हणतो, कामं होतात तशी. जाड पुस्तकाला बारीक पुस्तकापेक्षा मान देतो. चित्रं असली तर ते लहान मुलांचं. एखाद्यानं एकच पुस्तक वर्षभर पुरवून पुरवून वाचलं, तर त्याला काहीतरी अडचण असावी असं समजतो. दुसरीतल्या पोरांची आणि आमची मतं मी ताडून पाहिली आहेत. जाडी, वेग, न थांबणं, लोकांना दिसणं, सगळं जमतं. फरक एवढाच, की पोरं ती उघड सांगतात.

तेव्हा एवढं करा. घरातलं एखादं पोर तुमच्यापुढं वाचायला बसलं तर त्याचं बोट आहे तिथं राहू द्या. मध्येच थांबलं तर लगेच "पुढं" म्हणू नका. का थांबलं ते विचारा. जोडाक्षरापाशी अडलं असेल तर जोडाक्षर सांगून मोकळे व्हा. कोल्ह्यापाशी अडलं असेल, तर मात्र तुम्हाला सूचकाच्या जागेवर बसावं लागेल, आणि त्यासाठी ती गोष्ट तुम्ही स्वतः नीट ऐकलेली असावी लागते.